नळीमागची अक्षरं

आमच्या धंद्यात दोनच गोष्टी साठत जातात. फ्रीजरमध्ये नमुने आणि डोक्यात किस्से. नमुन्यांवर निदान लेबल तरी असतं! किस्से आपले एकमेकांना चिकटून बसलेले. एक काढायला जावं तर पाच हाताला येतात आणि तोवर चहा गार होतो. परवा लॅबमधल्या पोरी मागेच लागल्या, "मॅडम, लिहून काढा ना." म्हटलं, काढते. पण मध्येमध्ये "याला पुरावा काय" असं विचारायचं नाही. हा रिसर्च पेपर नाही.

मी सुनंदा, कारंजा लाडची. सगळं आयुष्य सिकलसेलच्या मागे घातलं. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या, त्या विळ्यासारख्या वाकतात, कुठेकुठे अडकतात आणि माणूस हाडं दुखतात म्हणून ओरडतो. आई आणि बाप दोघांकडून ते जनुक आलं तर आजार. त्याला लाल कार्ड. एकाकडूनच आलं तर माणूस धडधाकट, फक्त वाहक. त्याला पिवळं कार्ड. कुणाकडूनच नाही आलं तर पांढरं. आणि दोन पिवळ्या कार्डांनी लग्न केलं तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता लाल कार्डाची. झालं! माझा पीएच.डी.चा प्रबंध एवढाच. बाकीची पानं गाईडच्या समाधानासाठी.

नागपूरच्या लॅबमधून आम्ही वाशिम जिल्ह्यात कॅम्प घ्यायचो. आम्ही म्हणजे तिघं. मी, टेक्निशियन मनोहर आणि जीपवाले रफीकभाई. मनोहर इंझोरीचा. त्याचं स्वतःचं कार्ड पिवळं होतं, आणि ते तो शर्टाच्या वरच्या खिशात, पेनाच्या मागे ठेवायचा. कुणी घाबरलं की काढून दाखवायचा, "हे पाहा, मी बी पिवळा. काई झालं का मले?"

मनोहरचं आणि माझं लग्न ठरलं होतं. लग्नपत्रिका छापून झाल्या होत्या. लग्न झालं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी "मग पुढे काय" करून माझं डोकं खाणार नाही.

*

आमची पहिली तपासणी अगदी साधी. बोटाचा एक थेंब नळीतल्या औषधात सोडायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि नळीच्या मागे छापील कागद धरायचा. नळीतून मागची अक्षरं दिसली तर रक्त चांगलं. नळी गढूळ झाली, अक्षरं दिसेनाशी झाली, तर ते जनुक आहे. मग नमुना नागपूरला, पुढच्या तपासणीला.

एकदा इंझोरीच्या कॅम्पात आमचा अक्षरांचा कागद बकरीने खाल्ला. टेबलावरून उचलला आणि माझ्याकडे बघत बघत खाल्ला! रफीकभाई म्हणाले, "टेन्शन नका घेऊ बाई," आणि स्वतःचं ड्रायव्हिंग लायसन्स काढून दिलं.

पहिली नळी, अक्षरं दिसेनात. दुसरी, दिसेनात. दहावी, तेच. अख्खी रांग पॉझिटिव्ह! मला घाम फुटला. आणि खरं सांगते, घामाबरोबर आनंदही झाला. असं गाव जगात कुठे सापडलं नसेल, आता मोठ्या जर्नलात आपला पेपर! मनातल्या मनात मी मथळासुद्धा लिहून टाकला.

मनोहरने नळी बाजूला ठेवली आणि नुसतं लायसन्स डोळ्यांपुढे धरलं. "रफीकभाई, याच्यावर त तुमचं नाव बी दिसून नाई राह्यलं."

"बारा साल झाले त्याले," रफीकभाई म्हणाले. "पुलिसवाला बी नाई वाचू शकत. मनून तर सोडून देते मले!"

*

जीप आजारी पडली की नमुने एसटीने जायचे. कडीच्या स्टीलच्या डब्यात बर्फ, बर्फात नळ्या, आणि डबा मांडीवर घेऊन मनोहर कारंजाच्या स्टँडवरून बसायचा. त्याच्या मायने जेवणाचा डबाही त्याला अगदी तसाच दिला होता. जुळे भाऊच! मग व्हायचं तेच झालं. मनोहर लॅबमध्ये पोचला, सगळ्यांसमोर कडी उघडली, आणि आत भाकर, ठेचा आणि आंबाडीची भाजी. नळ्या राहिल्या बसमध्ये.

दुसऱ्या दिवशी कंडक्टरने तो डबा कारंजाला मला आणून दिला. दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरून. "म्याडम, माफी करा. भूक लागली होती मनून खोलला. पन एक गोठ सांगा," आवाज खाली आणून तो म्हणाला, "हे तुमी नुसतंच खाता का भाकरीसंगं?"

नमुने वाया गेले. मनोहर पुन्हा दारोदार फिरला, हात जोडले, तीच बोटं पुन्हा टोचली. एकानेही नाही म्हटलं नाही. त्या माणसाला नाही म्हणणं कुणाला जमतच नसे. मला तरी कुठे जमलं होतं!

*

आता पाटलांचा किस्सा. गावाचं नाव सांगत नाही, त्यांचा नातू आता सरपंच आहे.

पाटील ओसरीवर बसून म्हणाले, "असली बिमारी आमच्याकडं नसते. तिकडं पाहा, त्या वस्तीत." ती वस्ती म्हणजे आमच्या लोकांची, बौद्धांची. माझं टाळकंच सरकलं. जनुक काय जातीचा दाखला बघून शिरतं का? मी तोंड उघडणार, तेवढ्यात मनोहर नम्रपणे म्हणाला, "बराबर हाये पाटील. फक्त आमाले नमुना मनून एक चांगलं रगत पाह्यजे होतं. तुमच्यासारखं."

पाटील फुगले. बोट पुढे केलं. पाच मिनिटांनी नळी ताकासारखी!

निकाल चारचौघांत सांगायचा नाही, हा आमचा नियम. पाटलांना आत नेऊन नळी दाखवली. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. "सुईले लागलं असन कोनाचं," म्हणाले. कोरी सुई काढून पुन्हा केलं. पुन्हा ताक. मनोहर म्हणाला, "नळी खोटं बोलत नाई पाटील, आपन बी बोलाचं नाई." आणि खिशातून आपलं पिवळं कार्ड काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "घाबरू नका. आजपासून आपन दोघं एका कार्डाचे. फक्त पोरापोरीचं लगन जमवाच्या आधी सोयऱ्याचं बी रगत पाहून घ्या."

पुढच्या रविवारी पाटील सगळी भावकी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून कॅम्पाला घेऊन आले. स्वतः पुढे उभे. "उतरा सबन! आनं मनोहरभाऊच्या रांगेत लागा. त्यो आपलाच मानूस हाये."

*

प्रत्येक तपासणीला तुलनेसाठी दोन नळ्या लावाव्या लागतात. जनुक आहे हे माहीत असलेली एक, नाही हे माहीत असलेली एक. आहेवाली मनोहरची, नाहीवाली रफीकभाईंची. वर्षानुवर्षं. माझ्या पेपरांत 'नॉर्मल कंट्रोल' म्हणून जो माणूस जगभर फिरला, तो आमचा ड्रायव्हर!

पुढे एकदा परदेशातल्या परिषदेत मी आमच्याकडच्या रुग्णांवर बोलले. आपल्याकडे काही जणांना हा आजार जरा हलका जातो, कारण लहान बाळाचं हिमोग्लोबिन त्यांच्या रक्तात मोठेपणीही थोडंफार टिकून राहतं. या एका गोष्टीवर माझी पंधरा वर्षं गेली. बोलणं संपल्यावर एक म्हातारे प्रोफेसर उठले. तुमचा नॉर्मल नमुना फारच सातत्याचा आहे, म्हणाले, कसा निवडला? मी म्हटलं, "सर, ते आमची जीप चालवतात." सगळं सभागृह हसलं. परत येऊन मी रफीकभाईंना सांगितलं, की तुम्ही सातासमुद्रापार नॉर्मल ठरलात. त्यांनी घरी जाऊन सांगितलं. भाभी म्हणाल्या, "हे? नार्मल? त्या गोऱ्यायले आठ दिवस माह्या घरी राहाले पाठवा!"

असो. त्याच्या कितीतरी आधी, आमचं लग्न ठरलं होतं त्या दिवसांत, लॅबमध्ये एक नवी मुलगी होती, तिने मात्र मला नेमकं धरलं. "मॅडम, ड्रायव्हरचं रक्त कशाला? तुमचंच घ्या की. सगळ्या लॅबमध्ये आपलंच घेतात." मी म्हटलं, "मला अशक्तपणा आहे. निकाल चुकेल."

मनोहर तिथेच नळ्या धूत होता. त्याने वर बघितलं नाही. मीही त्याच्याकडे बघितलं नाही. दुनियेची बोटं टोचली आम्ही, त्यात माझं एक नव्हतं. गावोगाव सांगत फिरायचो, आधी रक्त बघा मग सोयरीक करा, आणि आमची स्वतःची सोयरीक होऊन बसलेली! दिव्याखाली अंधार, दुसरं काय. कारण विचाराल तर भीती वाटत होती. मी सुखात होते हो. आणि ते सुख घालवायला एक थेंब पुरला असता.

*

मनोहरच्या मायला भेटायला मी इंझोरीला गेले तो दिवस. कॉलेजात असताना साडी नेसायचा जेवढा कंटाळा केला, तो सगळा त्या दिवशी अंगाशी आला. निऱ्या सावरतच उंबरा ओलांडला.

भिंतीवर एका मुलीचा फोटो होता. शोभा, मनोहरची धाकटी बहीण. तिची हाडं दुखायची तेव्हा लोक म्हणायचे, पोट्टी कामाला कंटाळते. कुणी म्हणायचं बाहेरचं झालं. मनोहर तिला पाठीवर घेऊन एसटीच्या फाट्यापर्यंत चालायचा. चौदाव्या वर्षी ती गेली. आजाराचं नाव घरात कळलं ते त्यानंतर, मनोहर लॅबचं शिक्षण घ्यायला लागल्यावर. मला तो एकदाच बोलला त्याबद्दल. "तिचं वजन अजून पाठीवर हाये सुनंदे. पुन्हा एक लेकरू तसं उचलनं होनार नाई माह्यानं."

मी ऐकलं. मान डोलावली. आणि तरीही बोट टोचलं नाही. एवढी मी शहाणी!

तर माय. दुसरीकडे सासवा विचारतात स्वयंपाक येतो का. या माऊलीने माझा हात ओढून घेतला, नखं दाबून पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आणि शेजारणींना जाहीर केलं, "रगत हाये पोरीत! लाल हाये!"

सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. मनोहर तेवढा हसला नाही, पाण्याचा तांब्या भरायला म्हणून आत गेला आणि बराच वेळ आला नाही.

*

हल्लीचा एक. शिरपूर जैनला आता कॅम्प माझ्या विद्यार्थिनी घेतात, मी नुसती खुर्ची अडवायला जाते. एक जोडी आली. पोरगी नर्सिंग झालेली, पोरगा बियाण्याच्या दुकानात कामाला. दोघांनी दोन पिवळी कार्डं टेबलावर ठेवली आणि नापास झाल्यासारखे बसून राहिले.

मी त्यांना समजावलं. आता गरोदरपणात लवकरच बाळाची तपासणी करता येते. सोपं नाही, निर्णय अवघड असतात, नागपूर-मुंबईच्या खेपा असतात. पण वाट आहे. लग्न करायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी फक्त वाट दाखवते.

पोरगी हुशार. म्हणाली, "मॅडम, आमी पंचवीस वर्षं आधी आलो असतो त तुमी काय सांगतलं असतं?"

"सांगितलं असतं, नका करू."

"आनं मानसं आयकत होते तवा?"

"ऐकलं ना," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे एक क्षण बघितलं. मग आपल्या कपातला अर्धा चहा माझ्या कपात ओतला.

त्यांच्या लग्नाला मी आणि रफीकभाई गेलो. रफीकभाईंची दाढी आता पांढरीफेक, गाडी त्यांचा मुलगा चालवतो. पोरीच्या डोक्यावर अक्षता पडताना मला रडू आवरेना. उगीच डोळ्यांत काही गेल्याचं नाटक करण्यात अर्थ नव्हता, रफीकभाई सगळं ओळखून असतात. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "बाई, एक बात बोलू? आपन जरा लवकर पैदा झालो."

मनोहर आता खानदेशात असतो. तिकडच्या लॅबमध्ये. बायको चांगली आहे, पांढऱ्या कार्डाची. दोन्ही मुली ठणठणीत. जुन्या पेशंटपैकी कुणी बी.ए. झालं, कुणाला मूल झालं, की त्याचा फोन येतो. "मॅडम, शिरपूरची लाल कार्डवाली पोट्टी तलाठी झाली बरं का!" आता मॅडमच म्हणतो. मूल नकोच असं आम्ही ठरवलं असतं तर? हे त्याने मला विचारलं नाही, मी त्याला विचारलं नाही. जगाला प्रश्न विचारून पेपर लिहिणारी माणसं आम्ही! मला त्याची आठवण येते. येते म्हणजे येतेच. नळी उजेडाकडे धरली की हमखास.

*

आता शेवटचा. हा मी आजवर कुणाला सांगितला नाही. रफीकभाईंना सांगायची गरज नव्हती, ते तिथेच होते.

लग्नाला तीन आठवडे होते. शिरपूरच्या पलीकडच्या एका गावात कॅम्प. वाटेत कारंजाच्या छापखान्यातून मनोहरने लग्नपत्रिकांचा गठ्ठा उचलून जीपमध्ये टाकला होता. प्रुफं त्यानेच तपासलेली, तीनदा. छपाई काळीकुळकुळीत हवी, असं छापखानेवाल्याला बजावून आला होता.

त्या गावात कुणी बोट द्यायला तयार होईना. वडाच्या पारावर सगळं गाव बसलेलं, आणि मधोमध गंगाआजी. ती हो म्हणेल तर गाव हो म्हणणार. अर्धा तास मनोहरने समजावलं. दुखत नाही, घाबरायचं नाही, नळीतून अक्षरं दिसली म्हणजे रगत चांगलं. आजीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि काठी माझ्याकडे रोखली.

"हे डाक्टरीनबाई कायले नुसती उभी हाये? आधी तिचं काढा. तिच्या रगताचं आमाले दाखवा. मंग आमचं."

"हव हव! आधी बाईचं!" गाव ओरडलं.

अशक्तपणा आहे हे तिथे चाललं नसतं. मनोहरने माझ्याकडे बघितलं. मी बोट पुढे केलं. त्याने माझा हात धरला, अख्ख्या गावासमोर, लग्नाआधी, आणि इतक्या हळू टोचलं की मला कळलंसुद्धा नाही. थेंब नळीत पडला. पाच मिनिटं. वडावर साळुंक्या भांडत होत्या एवढं आठवतं.

"कागद?" मनोहर म्हणाला. कागद मी नागपूरला विसरून आले होते. रफीकभाई धावत जीपकडे गेले आणि गठ्ठ्यातली एक लग्नपत्रिका ओढून घेऊन आले. "हे घ्या! ताजी छपाई! अंधळा बी वाचन!"

मनोहरने एका हाताने नळी उजेडाकडे धरली आणि दुसऱ्या हाताने तिच्या मागे पत्रिका. मी त्याच्या खांद्याशी उभी होते. नळी ताकासारखी होती. मागे काही नव्हतं. एक काना नाही, एक मात्रा नाही.

सगळं गाव मान वर करून बघत होतं. डॉक्टरीणबाईच्याच रक्तात बिमारी निघाली असं त्या पाराला कळलं असतं, तर त्या गावात पुन्हा कुणी बोट दिलं नसतं.

"काय रे बावा," गंगाआजीने विचारलं, "दिसून राह्यलं का?"

मनोहरचा हात हलला नाही. "दिसते आजी. सबन दिसते."

"मंग वाच! आमाले आयकू दे."

आणि तो वाचायला लागला. त्या नळीकडे बघत, खणखणीत आवाजात, एकही अक्षर न चुकता. "सप्रेम जयभीम. आयुष्मान मनोहर, मुक्काम इंझोरी, आणि आयुष्मती सुनंदा, मुक्काम कारंजा लाड, यांचा मंगल परिणय रविवार रोजी सकाळी साडेअकरा वाजता विहाराच्या पटांगणात संपन्न होत आहे. तरी या मंगल प्रसंगी आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे."

गंगाआजी उठली. काठी बाजूला ठेवून आमच्या टेबलाशी आली आणि बोट पुढे केलं.

"लगन हाये का बावा? मले बी बोलवजा मंग!"